कानामागच्या यंत्राबाबत पुरवणी जबाब

दि. २७ मार्च २००८, दुपारी १२.४० पासून.

नाव योगेंद्र तानबाजी गुल्हाने, वय ३६ वर्षे, धंदा मोबाईल विक्री व दुरुस्ती, राहणार नाचणगाव, ता. देवळी, जि. वर्धा. दुकान पिंपळझरी येथे बस थांब्यासमोर.

मी कोणी न बोलावता स्वतःहून ठाण्यात आलो असून माझी हकिकत सांगतो ती अशी की, माझे दुकान सन २००३ पासून आहे. याच ठाण्यात माझा एक जबाब दि. ७ मार्च रोजी झालेला आहे. त्यात मी सांगितले होते की, बारावीच्या परीक्षेत कु. दिपाली लहानूजी वैरागडे, वय १८, हिच्या कानामागे सापडलेली वस्तू ब्लूटूथ हेडसेट आहे. ते चूक आहे. ती वस्तू कमी ऐकणाऱ्याचे यंत्र आहे. मुलीला लहानपणापासून कमी ऐकू येते. माझ्या त्या एका वाक्यावर तिच्यावर कॉपीची केस झाली आणि तिचा निकाल राखून ठेवला आहे. बोर्डापुढे सुनावणी ११ एप्रिलला आहे. केस टिकली तर तिला पुढे काही वर्षे परीक्षेला बसता येणार नाही, आणि डी.एड.ला जायचे राहून जाईल. सुनावणीच्या आत हा जबाब कागदाला लागावा, एवढ्यासाठी मी आलो आहे.

शुक्रवार दि. ७ मार्च रोजी मी दहा वाजता दुकान उघडले. बारा वाजताच्या सुमारास विम्याचे एजंट स्वप्निल साटोणे आले. ते माझे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. त्यांना असा ब्लूटूथ पाहिजे होता की, गाडीवर फोनसाठी चालेल आणि घरी कॉम्प्युटरवर पुण्याच्या भावाशी बोलायलाही चालेल. मी त्यांना समजावून सांगितले की फोनला अडचण नाही, पण त्यांच्या कॉम्प्युटरला वेगळा डोंगल लावावा लागेल. आधी कानाला बसतो का ते पाहा, चष्म्याच्या काडीखाली दबतो का पाहा, मग बाकीचे. लोक रंग पाहून घेतात आणि आठ दिवसांनी परत आणतात. लेखनिक हवालदारांचे म्हणणे पडले की याची गरज नाही. गरज आहे. पिंपळझरीत ब्लूटूथमधले मला कळते अशी माझी ख्याती होती, आणि त्या ख्यातीनेच पुढचा घोळ झाला.

साटोणे यांना दाखवण्यासाठी मी डब्यातून नवीन पीस काढून चालू केला. हा पीस कोणत्याही फोनला जोडलेला नसला की चालू केल्याबरोबर जोडणीवर जातो. त्याचा दिवा लाल-निळा लुकलुकतो आणि जवळच्या कोणत्याही फोनने शोध घेतला तर त्याचे नाव फोनवर येते. बंद करेपर्यंत तो तसाच राहतो. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो.

तेवढ्यात परीक्षा केंद्राच्या शाळेतील शिपाई चंद्रभान सायकलने आला. तो म्हणाला, "भाऊ, साहेबानं बलावलं. पोरीच्या कानात मशीन सापडली. तुमाले पाहून सांगाची आहे." मी साटोणे यांना म्हटले, "बसा दोन मिनिटं, आलोच." हातातला पीस शर्टाच्या खिशात टाकला आणि मोटारसायकल काढली. पीस बंद केला नाही. केल्याचे मला आठवत नाही असे मी मागे स्वतःला सांगत होतो. खरे म्हणजे केला नाही हे मला पक्के माहीत आहे.

शाळेत मी साडेबाराला पोहोचलो. केंद्रसंचालक श्री. श्रीनिवास देशकर यांच्या खोलीत ते स्वतः, भरारी पथकाचे तीन जण आणि एक पर्यवेक्षिका हजर होत्या. मुलगी भिंतीला लागून उभी होती. तिची वेणी एका बाजूने सुटलेली होती, कारण यंत्र केसाखालून काढले होते. मुलगी दुसऱ्या शाळेची. केंद्रावर तिला ओळखणारे कोणी नव्हते.

मला खुर्ची दिली. पथकप्रमुख मला म्हणाले, "तुम्ही यातले तज्ज्ञ, तुम्हीच सांगा." मला आजपर्यंत तज्ज्ञ कोणी म्हटले नव्हते. गिऱ्हाईक मला "अरे योग्या" म्हणते.

वस्तू टेबलावर होती. कातडीच्या रंगाची, कानामागे बसणारी, पुढे पारदर्शक नळी आणि नळीला कानात घालायचा मऊ तुकडा. मी ती हातात घेऊन पाहिली. तिला चार्जिंगचे भोक नव्हते. कोणत्याही ब्लूटूथला चार्जिंगचे भोक असते. ते आपल्या फोनच्या चार्जरला चालते का, हेच मी गिऱ्हाइकाला पहिले पाहायला लावतो. इथे भोक नव्हते आणि खाली बटणासारख्या लहान सेलचे झाकण होते. हे मी पाहिले. बोललो नाही. मला वाटले नवीन प्रकार असेल, आणि आपल्याला माहीत नाही असे त्या खोलीत कसे म्हणावे.

पथकप्रमुख म्हणाले, फोनवर शोधून पाहा. मी माझ्या फोनवर शोध लावला. एका मिनिटात एक नाव आले. मी ते सर्वांना दाखवले. देशकर सर म्हणाले, "बस, झालं." ते नाव मी विकतो त्याच मॉडेलचे होते. हा माझ्याच दुकानातून गेलेला दिसतो, असे मी तोंडाने म्हणालो. ते नाव माझ्या खिशातल्या पीसचे होते. टेबल माझ्या छातीपासून हातभर लांब होते.

त्यानंतर मुलीला सगळे एकदम विचारू लागले. कोणाकडून घेतला, बाहेर कोण बोलत होते, फोन कुठे आहे. तिच्याजवळ फोन सापडला नव्हता. फोनशिवाय ब्लूटूथ काय कामाचा, हा प्रश्न तज्ज्ञाने विचारायला पाहिजे होता. पथकातील एकाने सांगितले की फोन खिडकीतून बाहेर फेकला असेल, आणि मी मान हलवली. मुलगी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती. एकाचे पाहीपर्यंत दुसरा बोलत होता. मग ती म्हणाली, "मले ऐकू नाई येत." एवढेच म्हणाली.

यावर मी म्हणालो, "आता कसं ऐकू येईन, ब्लूटूथ तर काढून घेतला." सगळे हसले. पर्यवेक्षिका बाई हसल्या नाहीत. हे वाक्य माझे आहे, दुसऱ्या कोणाचे नाही, म्हणून ते जसेच्या तसे लिहावे असा माझा आग्रह आहे. हवालदार साहेब दोनदा म्हणाले की हे तुमच्याच अंगावर येईल. येऊ द्या.

मुलगी त्यानंतर बोलली नाही. पंचनाम्यात लिहिले गेले की, विचारपूस केली असता तिने उत्तर दिले नाही. पंच म्हणून माझी सही आहे. नावापुढे मोबाईल तज्ज्ञ असे लिहिले आहे. मी ते खोडायला लावले नाही. चहा झाला. यंत्र पाकिटात घालून लाखेने सील केले, पाकिटावरही माझी सही घेतली.

मी सव्वादोनला दुकानात परत आलो. साटोणे निघून गेले होते. ते तीन वाजता पुन्हा आले आणि म्हणाले, "तो पीस कुठं ठेवला जी?" मी खिशात हात घातला. पीस बाहेर काढला तेव्हा दिवा लाल-निळा लुकलुकत होता. साटोणे यांच्या फोनवर शोध लावला. तेच नाव आले. त्यांना यातले काही माहीत नव्हते, ते म्हणाले, "वा, लगेच सापडला." त्यांनी तो घेतला नाही. दुसरा नवीन डबा फोडून त्यांना दिला. तो पीस मी ड्रॉवरमध्ये टाकला. आजपर्यंत तिथेच होता. आज सोबत आणून हजर केला आहे.

म्हणजे शुक्रवारी तीन वाजता मला कळले होते. हे मी स्पष्ट सांगतो, कारण नंतर लक्षात आले असे सांगणे सोपे आहे. चार वाजता मला या ठाण्यात जबाबासाठी बोलावले. मी आलो आणि शाळेत बोललो तेच पुन्हा बोललो. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. देशकर सर माझ्या मुलाच्या शाळेचे. आता मी एकटा उठून काय सांगणार, की माझ्याच खिशातला होता? लोक वर्षभर हसले असते. मी लोकांच्या हसण्याला भ्यालो.

त्यानंतर अठरा दिवस मी कोणाला काही बोललो नाही. दुकान रोज उघडत होतो. ब्लूटूथ कोणी मागितला तर संपला म्हणून सांगत होतो.

मंगळवार दि. २५ मार्च रोजी अकरा वाजता एक बाई दुकानात आल्या. वय पंचेचाळीसच्या घरात. त्यांनी काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, ब्लूटूथ कसा असते ते मले दाखवता काय? घ्याचा नाई, पाहाचा आहे." मी विचारले, "काऊन बाई?" त्या म्हणाल्या, "माह्या पोरीजवळ सापडला म्हणते. मी तं आजवर पाह्यलाच नाई." त्या मुलीची आई कोकिळा वैरागडे होत्या. त्यांना मी कोण हे माहीत नव्हते. बस थांब्यावर कोणी तरी दुकान दाखवले म्हणून आल्या होत्या.

मी ड्रॉवरमधला तोच पीस काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटून पालटून पाहिला, कानाला लावला, थोडा वेळ तसाच धरला. म्हणाल्या, "याच्यातून तं काहीच ऐकू नाई येत." मी सांगितले की फोन असल्याशिवाय येत नाही. त्यांनी विचारले, "माह्या दिपालीले येईन का याच्यानं?" मी नाही म्हटले. त्या म्हणाल्या, "मंग थे दुसरंच आहे नं. तिचं तं लावलं का सारं ऐकू येते. बैलाच्या घंटीपासून."

त्यांनी पिशवीतून सेवाग्राम दवाखान्याचा कागद काढला. त्यावर मुलीचे नाव, कानाच्या तपासणीचा आलेख आणि यंत्राचा नंबर आहे. मी विचारले, हा कागद त्या दिवशी का दाखवला नाही, परीक्षेच्या अर्जात का लिहिले नाही. त्यांनी कागद काउंटरवर हाताने सरळ केला. मग म्हणाल्या, "मीच म्हणलं होतं केसाखाली लपवजो. लग्नाची पोरगी. लोकायले कायले दाखवाचं? तिच्या बाजूच्या पोरीलेई माहीत नवतं. आता थे पंधरा दिवसापासून घरातल्या घरात इशाऱ्यानं बोलून राह्यली. उरलेल्या पेपरले गेलीच नाई. म्हणते मले पेपरवरची बाई काय बोलते ऐकू नाई आलं तं पुन्हा पकडन."

मी त्यांना तेव्हाच सांगितले की तो तज्ज्ञ मी आहे. त्या मला काही वाईट बोलल्या नाहीत. पीस काउंटरवर ठेवला, कागद घडी करून पिशवीत ठेवला. मला ते फार लागले. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. जाताना एवढेच विचारले, "मंग आता थे मशीन कधी भेटन?" मी त्यांना घेऊन काल सेवाग्रामला गेलो व कागदाची खात्री करून शिक्क्यासह नक्कल आणली. ती या जबाबासोबत देतो.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ७ मार्चला चार वाजता मी इथे आलो तेव्हा मुलगी त्या समोरच्या बाकावर होती आणि तिच्यासमोर तिचा जबाब वाचला जात होता. दोन पाने. वाचणाऱ्यांचे डोळे कागदावर होते, मान खाली होती, त्यामुळे त्यांचे तोंड तिला दिसत नव्हते. ती त्यांच्या टोपीकडे पाहत होती. वाचून झाल्यावर त्यांनी कागदावर बोट ठेवले, तिने बोटाजवळ सही केली. सहीच्या वर लिहिले आहे की, जबाब वाचून दाखवला, ऐकला, बरोबर आहे. यंत्र तेव्हा याच टेबलावर सील पाकिटात होते. पाकिटावर माझी सही होती. मी पाहत होतो.

माझी विनंती आहे की, ते पाकीट उघडावे, यंत्र मुलीच्या कानाला लावू द्यावे, आणि मग तिला तिचा जबाब पुन्हा एकदा वाचून दाखवावा.

माझा हा जबाब मला आत्ता मोठ्याने वाचून दाखवला. मला दोन्ही कानांनी चांगले ऐकू येते. मी तो पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत ऐकला आहे, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
योगेंद्र तानबाजी गुल्हाने
(धंदा मोबाईल विक्री. तज्ज्ञ असे लिहू नये.)