हाडं माझी, ठराव त्यांचा

...अन् तरी बी उत्तर कोण देतंय? नाना! गेल्या साली डॉक्टर सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारतोय, "सिद्धेश्वर, हाडातला मगज बदलून घ्यायचं ठरवलंस, त्याला तीन वर्षं झाली. समाधानी आहेस का?" अन् माझ्या तोंडातनं 'व्ह' निघायच्या आत आमचे चुलते नानासाहेब, ईट गावच्या सोसायटीचे चेरमन, खाकरून हुबं राहत्यात अन् म्हणत्यात, "आमी पूर्ण समाधानी हाव, साहेब." आमी! तुम्हाला सांगतो, दरसाल तपासणीला मुंबईला जायचं अन् दरसाल हेच ऐकायचं. अवो, रक्ताचा कॅन्सर कुणाला झाल्ता? मला. केस कुणाचे गेले? माझे. हाडं कुणाची? माझी! पर समाधान मात्र सामायिक, सातबाऱ्यावर भावकीची नावं असत्यात तसं!

आता बघा, कालेजात व्हतो बार्शीला. ताप उतरंना, पोटात डाव्या अंगाला गोळा आलेला. मुंबईच्या डॉक्टरनं तपासलं अन् म्हणला, गोळ्यांवर ठेवलं तर काही वर्षं निघतील. सख्ख्या भावंडाचा मगज जुळला अन् तो तुला दिला तर पुरा बरा होशील, नाहीतर त्यातच जीव बी जाईल. नाना तंबाखू आणाय खाली गेल्ते. तात्या, म्हंजे माझे वडील, भिंतीवरच्या क्यालेंडरात तोंड घालून बसल्ते. म्या म्हणलं, "करा." एकट्यानं म्हणलं! कालेज तवा सुटलं ते सुटलंच.

गावाकडं आलो तर काय? सोसायटीच्या हापिसात बैठक! आमच्यात खत वाटायचं असू द्या, का दुष्काळात टँकर कुठल्या आळीत हुबा करायचा असू द्या, ठरावाबिगर पान हलत न्हाय. नाना मोठ्यानं वाचाय लागले, "चिरंजीव सिद्धेश्वर तात्याराव याच्या हाडातील मगज बदलण्यात यावा." सूचक नानासाहेब. अनुमोदक कोण? धुळाप्पा! ज्याला मगज म्हंजे बोकडाचा एवढंच ठावं! सर्वानुमते मंजूर, टाळ्या. अन् मी कुठं व्हतो? मला चहा आणाय धाडलं व्हतं! किटली घिऊन दारात हुबा राहिलो अन् वरडलो, "अवो, हाडं कुणाची? माझी! अन् डॉक्टरला मी कवाच हो म्हणून आलोय!" नाना चष्म्यावरनं बघून म्हणले, "तू सभासद न्हाईस. कप हिकडं दे."

मगज जुळला अयोध्याअक्काचा. माझी थोरली भैन, सोनारीला दिलेली. तिच्या कंबरंच्या हाडात सुया घालून मगज काढायचा, हे तात्यांनी गावाला कसं सांगितलं म्हणता? "लेकीच्या कंबरंला बोअर मारायचा अन् पाणी पोराच्या रानात सोडायचं." झालं! गाव विचारतंय, "किती फुटावर लागलं?" अन् ज्या दिवशी मगज दिला त्या दिवशी काय, तर काचंच्या खोलीत ठिवलं, बाटली टांगली, नळी लावली, थेंब थेंब... तात्या काचंबाहेरनं नर्सला म्हणत्यात, "एवढंच? सलाईनच लावायची व्हती तर आपला भूमचा दवाखाना काय वाईट व्हता?" माझा बाप! ह्याला चिरफाड पायजे व्हती, टाके मोजायला!

पर एवढंच नव्हतं ते. म्होरचे दिवस... तोंड आतनं सोललेलं, थुंकी गिळताना डोळ्यांतनं पाणी. म्या मनात म्हणलं बी, कशाला 'करा' म्हणलास रं? काचंपल्याड बघावं तर म्हातारा बाप कपाळ टेकून हुबा. जलमात कधी 'जेवलास का' विचारलं न्हाय त्यानं! नर्स रोज काचंवरचा कपाळाचा डाग पुसायची, दुसऱ्या दिवशी डाग तिथंच. अन् कंबर धरत अक्का आली, काच वाजवून म्हणती, "हाडं तुझी असतील, आतला माल माझा हाय. जपून वापर!" आता माझा रक्तगट बी तिचाच झालाय. म्हंजे मी चिडलो तरी तापतंय तिचं रक्त!

तर यंदा काय झालं, नवीन डॉक्टरीणबाई. तिनं सगळ्यांना हात केला, "बाहेर. फक्त पेशंट." नाना म्हणले, "आमी चेरमन हाव." ती म्हणली, "बाहेर." तुम्हाला सांगतो, तिच्या पाया पडावं वाटलं! दार लागलं. तिनं विचारलं, "लेकरू होणार नाही, डोळे कोरडे पडतात, उन्हात कातडी जळते. हे सगळं धरून सांग, पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा हेच करशील?"

म्या सांगितलं. काय सांगितलं ते सांगितलं, पर माझ्या तोंडानं सांगितलं.

बाहेर आलो तर तिघंबी दाराला चिकटलेले. आई, मालनबाई आमची, म्हणाली, "काय म्हणलास?" म्या म्हणलं, "न्हाय सांगत." हाडं कुणाची? माझी! मग उत्तर बी माझं! गाडीत बसलो. कर्जत गेलं, पुणं गेलं. आईनं धपाट्याचा डबा मांडीवर धरलेला, उघडंना. वास येतोय! भुकंनं जीव चाललाय, अन् मी आपला खिडकीबाहेर बघून सोताच्या मताचा अभिमान गिळतोय...

तवा नाना, चेरमन, जो माणूस कलेक्टरपुढं बी आवाज खाली करत न्हाय, बारीक आवाजात म्हणले, "सिधू... पस्तावलास का रं? न्हाय, त्यो ठराव... आमी लई घाई केली का?" अन् तात्या परत खिडकीच्या काचंला कपाळ लावून बसलेले. तवा टाळक्यात उजेड पडला. तीन वर्षं हा माणूस मधीच का तोंड घालत व्हता? मी 'न्हाय' म्हणीन ह्या भ्यानं! एवढी मोठी माणसं, अन् एवढी भित्री!

मग काय करता? म्या म्हणलं, "व्हय म्हणलो. समाधानी हाय. परत वेळ आली तर परत हेच करीन. झालं?"

आईनं पदर डोळ्याला लावला. तात्यांनी नाक शिंकरलं. नाना ताठ झाले, खाकरले, अन् समोरच्या बाकड्यावरच्या अनोळखी माणसाला म्हणले, "बघा, म्या पयल्यापासनं म्हणत व्हतो!" अन् आईनं डबा उघडला.

जलमात एक मत माझं एकट्याचं व्हतं, तुम्हाला सांगतो. दौंडाला सगळ्यांनी वाटून खाल्लं. मला दीड धपाटा आला.