हणमंतराव गोवळकोंडा दाखवतात

...अहो, पण टोपी तेवढी काढा, एवढंच म्हणत होते ना हणमंतराव? डोकं काढून द्या म्हणाले होते का? टोपी! पांढरी, कडक इस्त्रीची, नामपल्ली स्टेशनाच्या या टोकावरून त्या टोकाला दिसेल अशी गांधी टोपी! आणि साल कुठलं? अठ्ठेचाळीस! तिकडे तुमचं स्वातंत्र्य येऊन सात महिने झालेले, इकडे हैदराबादेत अजून निजाम सरकार, रस्त्यारस्त्यावर रझाकारांच्या कवायती, आणि ज्या टोपीपायी लोकांची डोकी फुटत होती ती घालून हा गृहस्थ सोलापूरच्या गाडीतून उतरतो आणि भर फलाटावर ओरडतो, "काय हणमंतराव, गोवळकोंडा कुठल्या बाजूला?"

तुम्हाला सांगतो, माझं टेबल हणमंतरावांच्या टेबलाला लागून होतं. मालगुजारीच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या दफ्तरात ते पेशकार, साहेबापुढे कागद ठेवणारे. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, डोक्यावर रुमी टोपी, आणि सही करताना सुद्धा आधी मागे वळून बघणार. भित्रे नव्हेत हं... सावध! दिल्ली आणि निजाम यांच्यात तो 'जैसे थे करार' झाला ना, म्हणजे वर्षभर सगळं आहे तसं राहू द्यायचं, तो करार कुणी खऱ्या अर्थानं पाळला असेल तर एकट्या हणमंतरावांनी! बायको, म्हणजे सुशीलाबाई, म्हणाल्या, पडदे बदलायला झालेत. "जैसे थे!" दात दुखतोय, काढून टाका. "जैसे थे!" वरच्यानं ठरवलंय जैसे थे, तर आपण कशाला हलायचं?

पण मुलगी वाढायची थांबते का हो? इंदुमती अठरा पुरी झाली. स्थळ आलं सोलापूरचं. मुलगा बँकेत, आणि मुलाचे वडील हे नामदेवराव, निवृत्त हेडमास्तर. तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात ओरडून असा आवाज कमावलेला की घरात मीठ मागितलं तरी शेजारी वाटी घेऊन यायचे.

आणि हेडमास्तर मुलगी बघायला आले होते म्हणता? छे! ते आले होते हैदराबाद बघायला! सुशीलाबाई पोह्यांची बशी घेऊन उभ्या, इंदू नेसून-सवरून बसलेली, आणि हे म्हणतात, "मुलगी बसलेली काय बघायची? चालताना बघावी! उद्या गडावर घेऊ तिलाही. आज राजवाडा."

राजवाडा बघितला. बाहेरून! चौमहल्ल्याच्या फाटकाशी पहाऱ्यावरचे अरब उभे, कमरेला हे एवढे जंबिये, आणि समोर गांधी टोपीवाले नामदेवराव खिशातून वही काढून मोजताहेत... "फाटक अंदाजे वीस फूट... शिपाई सहा... हणमंतराव, तोफा कुठे ठेवतात हो?"

तोफा! विचारतोय कोण? सोलापूरहून आलेला माणूस! लिहितोय कशात? वहीत! हणमंतराव तिथेच फाटकाला पाठ करून म्हणाले, "नामदेवराव, वही आत... टोपी आत... आपणही आत जाऊ, घरात!"

"अहो, आपण स्वतंत्र देशाचे नागरिक!"

"तुम्ही! मी नाही! मी अजून जैसे थे!"

रात्रभर सुशीलाबाई नवऱ्याच्या पाठीला तेल चोळत होत्या. काय दुखतंय? काही नाही. भीती. पण नाही कसं म्हणणार? सोन्यासारखं स्थळ. सकाळी टांगा आला. नामदेवराव, हणमंतराव, मध्ये इंदू. टोपीवर उपरणं गुंडाळून घ्यायला नामदेवराव कसेबसे तयार झाले, तेही ऊन लागतं म्हणून, भीतीनं नव्हे, हे चार वेळा सांगून.

आता गोवळकोंड्याची ती करामत तुम्हाला ठाऊक असेल. खाली दरवाज्यात घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवली की तडक वर बालाहिसारावर, पार टोकाला, ऐकू येते. शत्रू आला की वरच्यांना खबर! नामदेवराव विज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, "प्रयोग करू! हणमंतराव, तुम्ही वर जा. आम्ही खालून टाळी देतो. ऐकू आली तर रुमाल हलवा."

"मीच का?"

"मग कोण? मी पाहुणा, ती मुलगी!"

झालं! साडेतीनशेवर पायऱ्या! शेरवानीतला, पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, दर दहा पायऱ्यांना थांबतोय, मारुतीला नवस बोलतोय आणि मनात एकच... मागे त्या दोघांना सोडून आलो, हा मनुष्य खाली काय बोलेल? कुणाला काय विचारेल? तोफा मोजेल! दम भीतीनं लागतोय की चढानं लागतोय तेही कळेना.

वर पोचले आणि बघतात तो काय? निजामाच्या फौजेचे तीन शिपाई! सावलीत बसून चहा पिताहेत, बंदुका भिंतीला टेकवलेल्या. एक पिकल्या दाढीचा हवालदार, दोन तरणे.

"कौन जी?" हवालदार.

"जी... सरकारी मुलाज़िम... पेशकार... हवा खाने..."

"खाओ की!" म्हणाला, आणि सरकून जागा दिली. आता बसायचं की पळायचं? बसले. आणि तेवढ्यात... टप्! टप्! इतकी स्पष्ट, की कुणी कानाशी वाजवावी. शिपाई हसले. त्यांना रोजचंच ते. हणमंतरावांनी रुमाल काढला, हलवला, सुटलो म्हणाले... आणि खालून आवाज आला.

"जय हिंद!"

तुम्हाला सांगतो, चहा पिणारा तरणा तसाच थांबला, पेला ओठाला! आणि हणमंतरावांना आधी वाटलं, नामदेवराव! केला घात! पण आवाज... आवाज बाईमाणसाचा होता हो! खणखणीत! अठरा वर्षं घरात "हो अण्णा" आणि "नाही अण्णा" याच्यापुढे न गेलेला!

तरणा उठला. बंदूक घेतली. "किसकी आवाज़ है ये?"

आता बोला! नोकरी, पेन्शन, घर, सगळं त्या एका प्रश्नावर. माहीत नाही म्हणायचं, बस! कोण विचारतंय? इतके लोक येतात! हणमंतरावांनी तोंड उघडलंही, "मेरेकू क्या..." आणि खालून पुन्हा, प्रेमानं, लांबवून...

"ऐकू आलं का, अण्णाऽऽ?"

हवालदारानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गडाच्या टोकावर माणसं चार. तीन वर्दीत.

"अण्णा कौन?"

रुमाल हातातून गळून पडला. पण तुम्हाला सांगतो, हे ते स्वतः सांगायचे तेव्हा अजून थांबायचे इथे... म्हणायचे, मला नाही म्हणता आलं नाही रे. पोरीनं हाक मारली होती.

"मैं," हणमंतराव म्हणाले. "मेरी बेटी है."

तरण्यानं बंदुकीचा घोडा चढवला. हवालदारानं नुसता हात आडवा धरला. म्हणाला, "मेरी बी तीन हैं. एक बी मेरी नइं सुनती. ले जाओ साब, अभी के अभी. रस्ते में दूसरे लोगां फिरते, उनो सुने तो हात आडा करने कू मैं नइं रहूंगा."

उतरले कसे, विचारू नका! खाली इंदू ताठ उभी, आणि शेजारी नामदेवराव... अहो, ओळखू येईनात! उपरणं नाही, टोपी नाही, वही नाही, सगळं पिशवीत, आणि तोंड पांढरंफटक! "मी नाही हो म्हणालो! मी म्हटलं एखादा श्लोक म्हण!"

"तुम्ही म्हणालात, मनात येईल ते बोल," इंदू म्हणाली. "आलं, बोलले."

परतीच्या वाटेवर कारवान मोहल्ल्याजवळ रझाकारांची लॉरी आडवी. "कहाँ से आ रहे?" नामदेवराव टांग्यात इतके खाली सरकले की पाहुणा की सामान कळेना. तेव्हा बोलले कोण? हणमंतराव! दफ्तरी उर्दूत, अदबीनं, आडनाव-हुद्दा-महकमा सगळं सांगून, "मुलीला सासर दाखवून आणतोय, पाहुणे आजारी आहेत" असं ठोकून दिलं. आयुष्यातली पहिली थाप! लॉरी बाजूला झाली. इंदूनं बापाचा हात धरला, तो थेट घरी येईपर्यंत.

नामदेवराव दुसऱ्याच दिवशी गेले. फलाटावर हळू आवाजात, होय, हळू!... म्हणाले, "मुलगी गुणी आहे. पण आमच्याकडे बायकांचा आवाज माजघराबाहेर येत नाही. मुलाची बँकेची नोकरी. तुम्ही समजून घ्या." हणमंतरावांनी समजून घेतलं. सुशीलाबाई चार दिवस रडल्या. आणि हणमंतराव? दफ्तरात आले, शेरवानीची बटणं लावली, "जैसे थे" म्हणाले आणि कामाला लागले.

मग सप्टेंबर आला. दिल्लीच्या फौजा आल्या, पाच दिवसांत निजाम सरकार कोसळलं, शहरभर झेंडे. आणि आठवड्यात सोलापूरहून पत्र! "आपल्या कन्येच्या देशभक्तीचा आम्हांस प्रथमपासून अभिमान होता. मुहूर्त कळवावा."

सुशीलाबाई पंचांग काढून बसल्या. इंदूनं पत्र वाचलं, कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं. दोन ओळी. मुलगा पसंत नाही. कृपया पुन्हा लिहू नये.

बापानं काय करावं? रागवावं? समजवावं? हणमंतरावांनी तिचं उत्तर वाचलं, घडी घातली, चष्मा पुसला, पोस्टात गेले आणि रजिस्टर करून आले. म्हणाले, "जायचंच आहे, तर निदान पोचू दे तरी!"