शाफ्टवरचं कव्हर

आई गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन आटोपून चैताली दिंडोरीहून नाशिकच्या एसटीत बसली. पुढच्या सीटवर एक बागायतदार नवरा-बायको वाद घालत होते.

"अहो, ट्रॅक्टर अन् फवारणीच्या ब्लोअरला जोडणाऱ्या त्या फिरत्या शाफ्टवर कव्हर बसवा. उद्या फवारणी हाय."

"कव्हर असलं की ग्रीस मारायला अडचण होते."

"शेजारच्या बागेत असल्याच उघड्या शाफ्टमध्ये बाई ओढली गेली. तरी अडचणच?"

"तिचा पदर अडकला. त्यात मालकाचा काय दोष?"

"कव्हर असतं तर अडकला असता?"

"नसता."

"मग कव्हर काढलं कोणी? तिनं?"

"सगळेच काढतात."

"सगळे काढतात म्हणून ते बरोबर? तिला कामाला बोलावलं कोणी?"

"तू काय वकील झालीस?"

"वकील कशाला लागतो? आपण बोलावलेलं माणूस धडधाकट घरी जावं, हे आपणच बघायचं ना!"

"पदर खोचला असता तर वाचली असती. बाई निष्काळजी, अन् बोंब मालकाच्या नावानं."

चैताली पुढं वाकली.

"काका, ती बाई माझी आई. साडीवर बाबांचा शर्ट घालून कामाला जायची. गळ्यापर्यंत बटणं लावायची, पदर आतच असायचा. शाफ्टनं शर्टाची बाही धरली."

बायकोनं नवऱ्याच्या खिशातला फोन काढून मुलाला लावला.

"मयूर, कव्हर बसवल्याबिगर ट्रॅक्टर बाहेर काढायचा नाय. पप्पा म्हणाले तरी नाय."