माझ्या नावाखालचं चित्र

आदरणीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, माझे इथले, दोहा-कतारमधले सगेसोयरे आणि जेवणाकडे डोळे लावून बसलेली बाळगोपाळ मंडळी,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, घड्याळही मिळालं. आपला आभारी आहे. १९७५ साली इथे ड्राफ्ट्समन म्हणून आलो, तेव्हापासून गणपतीत मंडळाचे पडदे मीच रंगवले. हिमालय म्हणालात, हिमालय काढला. माझी स्वतःची चित्रं मात्र कुणी पाहिली? जे घरी आले त्यांनी एवढंच विचारलं, "गुरुप्रसाद, माणसांना डोकी कधी काढणार?"

अहो, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात कुलूपबंद आणि आपण रांगेत! डोक्याच्या जागी कुलपंच दिसतात मला. त्यात माझी काय चूक?

माझी बायको विभावरी खुणावते आहे, बसा म्हणून. बसतो, पण सांगून बसतो.

माझ्या आईचा, सत्यभामाबाईंचा, एकही फोटो नाही. ती गेली तेव्हा सुटी मिळाली नाही. पुढे एका सकाळी मला तिचं नाक आठवेना. मी घाबरलो. मोठ्या प्लायवर चित्र सुरू केलं: कुलपांची माणसं, समोर समुद्र, समुद्रात एक दगडी जातं, आणि त्यावर वाळू दळणारी आई. तिचा चेहरा काढायचो, पुसायचो. गेल्या रमजानात, ऑफिस लवकर सुटायचं तेव्हा, तो जमला. हुबेहूब! घर आवरताना प्लाय या हॉलमागे आणून ठेवला.

आज आत आलो, तर माझ्यामागे हा पांढराशुभ्र फलक. "श्री. गुरुप्रसाद यांना हार्दिक निरोप." प्लाय ओळखीचा वाटला. आपले उत्साही सेक्रेटरी नंदू अभिमानाने म्हणाले, "काका, एक वाया गेलेला बोर्ड सापडला, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात मारले. हलका माल नाही!"

नंदू, उठू नका. तुमच्यावर राग नाही. म्हणजे आहे. साधा डिस्टेंपर मारला असता तर पाण्याने धुऊन निघाला असता. मंडळाने एवढ्या वर्षांत एकदाच हात सैल सोडला, तो नेमका इथे!

आबासाहेब, मला घड्याळ नको. सुतारकाम करणारे आपले पोपटराव समोर बसलेत. त्यांनी करवत आणावी आणि माझ्या नावापुरता तुकडा कापून द्यावा. उद्या विमानात तेवढाच मावेल. घरी जाऊन मी माझं नाव खरवडत बसेन. त्याच्याखाली आई आहे.

आपण भरभरून प्रेम दिलंत, त्याबद्दल शुक्रन. जीभ जरा जास्त चालली असेल तर पोटात घाला. आणि एक विनंती: या फलकासमोर ग्रुप फोटो नको.