खाली बघू नका

— नाही, नाही, पाय उचलू नका! आहात तिथेच राहा, दादा. आणि खाली बघू नका. बुटापाशी अंडी आहेत — हो, ती मातीच्या ढेकळांसारखी दिसतात तीच — म्हटलं ना, बघू नका! वर ते लांब लाल पायांचे दोघं ओरडतायत ना, त्या शेकाट्या पक्ष्यांची. तुम्ही पाण्याकडे बघा. कॅमेरा राहू दे गळ्यात. तारेवर कावळा बसलाय, तो आपल्याकडेच बघतोय.

हसू नका हो. त्याला घरटं नाही सापडत, माणूस सापडतो. माणूस जिथे थांबला, वाकला, तिथे काहीतरी आहे, एवढं त्याला बरोबर कळतं. म्हणून मी इथे कधी थांबतच नाही — त्या फुटक्या पाईपपाशी थांबते, उगाच वाकते, वेड्यासारखी मातीशी बोलते. मग तो तिथे उतरतो आणि हात हलवत परत जातो — म्हणजे पंख हो, पंख. आमचे हे म्हणतात, स्वतःच्या बाळंतपणात एवढी घाबरली नव्हतीस. नव्हतेच! तेव्हा डॉक्टर होते, आई होती. इथे कोण आहे? काल काठावर गाड्या पळवणाऱ्या मोटरसायकलवाल्यांनी बाकीची सगळी घरटी चिरडली, हे एकच उरलंय. सकाळी दुर्बिणीतून पाहिलं तर एका अंड्याला तडा गेलेला — आणि आता ऐका, ऐकू येतंय? आतून आवाज येतोय. अहो, बाहेर यायच्या आधीच बोलतंय ते!

तुमच्याकडे त्या कावळ्याने ढुंकूनही पाहिलं नसतं, तुम्ही नवखे. मला मात्र तो ओळखतो. मी रोज येते म्हणूनच तो रोज येतो — हे मी घरीसुद्धा कुणाला बोलले नाहीये. आणि आज काय केलं मी? तुम्हाला इथे उभं पाहिलं आणि धावत सुटले, सरळ घरट्यापाशीच. कधी धावत नाही हो मी!

चला. डावा पाय मागे, अलगद. आता माझ्याबरोबर पाईपपर्यंत, रमतगमत — काहीतरी बोला, मोठ्याने, काहीही. हं, इथे वाका. अजून. शोधल्यासारखं करा ना नीट! येतोय का तो मागे? मला मान वळवायचा धीर नाही, तुम्ही बघा. तारेवर आहे अजून? नाही? मग इकडेच —

घरट्याकडे काय बघताय? बोला ना.

नको. नका सांगू. जा तुम्ही.