बत्तीस अक्षरं

आर्लीन : ...म्हणजे तू स्वतःच्या चष्म्यावर बसायचंस आणि मी इथे तळघरात येऊन गारठायचं! पंचेचाळीस वर्षांत या टेबलाला हात लावू दिला नाहीस मला.

लाइल : आजही लावायचा नाहीये. फक्त वाचायचं. त्या तपासणीच्या डब्याच्या, टेस्टरच्या, पट्टीवर काय आलंय?

आर्लीन : 'मेमरी तपासतोय.' आणि एक ठिपका लुकलुकतोय.

लाइल : चालू दे. व्हिडिओ गेमच्या बोर्डावरचा प्रोसेसर काढून तिथे टेस्टरच्या वायरची शेपटी खोचलीय. आता टेस्टर मेमरीच्या प्रत्येक खणात आकडा लिहिणार, थोडं थांबणार आणि परत विचारणार. आठवला तर चिप चांगली.

आर्लीन : मला काय कळतंय त्यातलं. ऑर्व्हिलचा दोनदा फोन आला. शुक्रवारी मासे खायला गर्दी होते, तेव्हा त्याच्या बोलिंग हॉलमध्ये पोरांना गुंतवायला हा एकच गेम आहे म्हणे.

लाइल : मिळेल त्याला. वर्षानुवर्षं बिघडवून आणतोय, वर्षानुवर्षं दुरुस्त होऊन मिळतोय. खराब चिपचा नंबर आला की सांग, आणि टेस्टर बंद कर. पुढचं बटण दाबू नकोस.

आर्लीन : का?

लाइल : नको म्हटलं ना.

आर्लीन : हे बघ, माझ्यावर खेकसू नकोस. आधीच रविवारपासून मला चैन नाही. दूध आणायला गेलास आणि तीन तासांनी उगवलास.

लाइल : गाडी बंद पडली होती. सांगितलं की.

आर्लीन : आणि बुधवारी डॉक्टरकडे एकटाच गेलास.

लाइल : रक्तदाब. उत्तम आहे. म्हाताऱ्या घोड्यासारखा आहे मी.

आर्लीन : तुझ्या बाबांचंही याच वयात सुरू झालं होतं, लाइल. मला भीती वाटते.

लाइल : पट्टी वाच, आर्लीन.

*(टेस्टर दोनदा बीप करतो.)*

आर्लीन : 'मेमरी खराब. दुसरी रांग, तिसरी चिप.'

लाइल : वा! सापडली. बघ, दहा मिनिटं लागली. ते डाग द्यायचं सोल्डरिंगचं पेन गरम करायला ठेव, बदलून टाकतो. आणि बंद कर ते.

आर्लीन : अजून काहीतरी आहे. कोपऱ्यात 'पुढे' असं आलंय.

लाइल : काही नसतं तिथे. बंद कर.

आर्लीन : दाबलं मी.

लाइल : आर्लीन!

आर्लीन : अय्या, हा तर तुझ्या नावाने बोलतोय! 'थांब लाइल. चिप बदलू नकोस.' कोणी लिहिलं हे?

लाइल : मीच. काय लिहाल ते दाखवतो तो, आत घातलेल्या कॅसेटवरून वाचून. जुनी गंमत आहे. आण इकडे.

आर्लीन : हात काढ. 'ती नवी आहे. मंगळवारी बदलली.' लाइल, मंगळवारी बदललीस?

लाइल : नाही. म्हणजे... बोर्ड जरा उजेडात धर. सोल्डरचे टाके कसे आहेत?

आर्लीन : बाकीचे काळवंडलेत. या एका चिपचे चकचकीत आहेत.

लाइल : हं.

आर्लीन : अजून आहे. 'डबीत जुन्या तीन आहेत. मोज.' कुठली डबी?

लाइल : खोकल्याच्या गोळ्यांची. असू दे ती, आर्लीन. नको मोजूस.

आर्लीन : एक. दोन. तीन. ...लाइल, इथे चार आहेत.

लाइल : चार?

आर्लीन : चार.

लाइल : म्हणजे हे लिहिल्यावर पुन्हा एकदा बदलली. कधी? परवा मी खाली आलो होतो का?

आर्लीन : परवा दुपारभर तू इथेच होतास. मी सूप घेऊन आले तर म्हणालास, नुकताच बोर्ड उघडलाय.

लाइल : मग बिघाड चिपमध्ये नाहीच. दुसरीकडे कुठेतरी वाट तुटलीय. पूर्वी मी हे नुसतं बघून ओळखलं असतं. चार चांगल्या चिपा उपटल्या मी, आर्लीन. चार.

आर्लीन : खाली बस. बस आधी.

लाइल : आता पुढचं दाबू नकोस. पाया पडतो तुझ्या.

आर्लीन : तरी दाबणार. 'आर्लीनला सांगितलंस?' आणि खाली 'हो' आणि 'नाही'.

लाइल : आण ते इकडे. बंद करतो.

आर्लीन : हे कधीपासून आहे?

लाइल : हरणांच्या शिकारीचा मोसम होता तेव्हापासून. प्रत्येक कॅसेटच्या शेवटी टाकलाय हा प्रश्न.

आर्लीन : नोव्हेंबर! चार महिने हा डबा तुला विचारतोय, आणि मी वर बसून तुझे मोजे रफू करतेय! तू काय दाबतोस?

लाइल : 'नाही.'

आर्लीन : मग?

लाइल : दाबून बघ.

आर्लीन : परत तोच प्रश्न आला.

लाइल : मीच तसं केलंय. 'हो' म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. मग मी वीजच बंद करतो आणि वर जेवायला येतो.

आर्लीन : कुठलं दाबू, लाइल? तूच सांग. मी काही माझ्या मनाने दाबणार नाही.

लाइल : थांब. जरा थांब. ...रविवारी गाडी बंद पडली नव्हती. दूध घेतलं, गाडीत बसलो आणि घर कुठल्या बाजूला तेच आठवेना. तळ्याकाठी जाऊन बसलो. कुणाला विचारायची लाज वाटली. शेवटी चर्चचा मनोरा दिसला, त्याच्या अंदाजाने आलो.

आर्लीन : देवा.

लाइल : आणि डॉक्टरीणबाईंनी लक्षात ठेवायला तीन शब्द सांगितले. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, सांगा आता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. एकही नाही, आर्लीन. तीस वर्षं चिपांना मी हेच विचारत आलोय, आणि न सांगणारी कचऱ्यात टाकत आलोय.

आर्लीन : गप्प. असलं काही बोलायचं नाही.

लाइल : बाबांनी शेवटी मला ओळखलंच नाही, दारात उभं केलं नव्हतं. चोर आला म्हणून ओरडले. मी तुझ्यावर तसा ओरडलो तर? तू वर आहेस हे विसरून दार लावून निघून गेलो तर? म्हणून नाही सांगितलं. सांगितलं की खरं होणार होतं.

आर्लीन : ओरडलास तर मीही ओरडेन. आजवर काय केलंय दुसरं? ...दाबू आता?

लाइल : दाब. 'हो.'

आर्लीन : दाबलं.

लाइल : काय आलं?

आर्लीन : काहीच नाही. पट्टी कोरी झालीय.

लाइल : त्याच्या पुढचं लिहायचं धाडसच झालं नाही माझं.

आर्लीन : फार भीती वाटते रे, लाइल.

लाइल : मलाही.

आर्लीन : सरक जरा. यात अक्षरं कशी टाकतात ते दाखव. आजपासून मी लिहीन.

लाइल : एका ओळीत बत्तीसच मावतात. त्यापुढचं कापलं जातं.

आर्लीन : बत्तीस पुष्कळ झाली. 'आर्लीन वरच आहे. हाक मार.'