आवड : हाताने ठसे छापणे

देवासहून धारपलीकडच्या बाग गावाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर माय-लेक बसले होते.

“अंबरीश, सुट्टी टाकून बागला कशाला, ते तरी सांग.”

“माई, आमच्या एजन्सीच्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या फोटोखाली आवडी छापतात. लंडनची क्लारा समुद्रात पोहते, टोरांटोचा मार्क डोंगर चढतो. मी काय लिहू? घरी बसून त्यांच्या जाहिराती लिहितो आणि मग झोपतो?”

“मग काय लिहिलंस?”

“बागच्या कारागिरांसारखे ठसे कापडावर हाताने छापतो म्हणून.”

“अरे देवा!”

“आता शुक्रवारी सगळ्या देशांसमोर कॅमेऱ्यावर छापून दाखवायचंय.”

“इतकं धडधडीत खोटं! आपल्या घरात असं कोणी केलं नाही.”

“आणि माझ्या लग्नाच्या बायोडेटात ‘उत्तम पेटीवादन’ कोणी लिहिलं?”

“ते वेगळं. मुलीकडचे कुठे तपासतात?”

“त्या मुलीच्या, अवंतीच्या बाबांचा मेसेज आलाय. रविवारी येताना तबला घेऊन येतायत.”



“भिया,” माईंनी कंडक्टरला हाक मारली, “हमको पहले धार उतार देना. वहाँ हमारे दत्तोपंत पेटी सिखाते हैं.”